नव्वद किलो कापूस: आठवीच्या वर्गातलं अमेरिकेचं यादवी युद्ध

राज्य मंडळाच्या आठवीच्या इतिहासात ‘युरोप आणि भारत’ नावाचं प्रकरण आहे. प्रबोधनकाळ, भौगोलिक शोध, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध, फ्रेंच राज्यक्रांती, औद्योगिक क्रांती, भांडवलशाही, वसाहतवाद एवढा ऐवज त्या एका प्रकरणात कोंबलेला आहे. सातवीपर्यंत शिवकाळ आणि मराठेशाहीत रमलेल्या मुलांची जगाच्या इतिहासाशी ही पहिली मोठी गाठ. बहुतेक शाळांत ती जुलैतल्या काही तासिकांत उरकते. मुलं सनावळ्या पाठ करतात, ‘कारणे द्या’ लिहितात आणि ऑगस्टमध्ये १८५७ आलं की सुटकेचा श्वास टाकतात.

इथे ज्या वर्गाची हकिकत मांडतेय, तो यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतला. गाव कापसाचं. पटावर तिसेक मुलं. काहींच्या घरी आठ-दहा एकर शेत, बऱ्याच जणांच्या घरी दोन-तीन एकर, आणि जवळपास तितक्याच घरांत शेत नाहीच, आई-वडील दुसऱ्याच्या शेतात मजुरीला. इतिहास शिकवणाऱ्या मॅडम याच भागातल्या. शिक्षक प्रशिक्षणाच्या कामामुळे मी त्यांच्या या तासांना मागच्या बाकावर बसत होते. शाळेचं आणि कुणाचंही नाव देत नाही.

मॅडमची अडचण साधी होती. मुलांच्या डोक्यात अमेरिकेतली दोन युद्धं एकच झाली होती. वॉशिंग्टन आणि लिंकन शेजारी उभे राहून इंग्रजांशी लढले, असं एकाने चाचणीत लिहिलं होतं. पुस्तकात स्वातंत्र्ययुद्ध आहे. गुलामी टिकवू पाहणारी दक्षिणेतली राज्यं आणि उत्तर यांच्यात १८६१ ते १८६५ मध्ये झालेलं यादवी युद्ध या प्रकरणाचा विषय नाही. पण पुढच्या ‘ब्रिटिश सत्तेचे परिणाम’ या प्रकरणात शेतीच्या व्यापारीकरणाचा मुद्दा येतो, आणि वऱ्हाडात बसून तो शिकवायचा तर ते युद्ध टाळून कसं चालेल? मॅडमनी ठरवलं की दिवाळीनंतर, सीतादही (वेचणी सुरू करतानाची शेतातली पूजा) होऊन शेतात पहिली वेचणी लागली की हा भाग वेगळा घ्यायचा.

पहिला तास भावाचा झाला. फळ्यावर मॅडमनी एवढंच लिहिलं: ‘१८६० मध्ये इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचे चार हिस्से केले, तर तीनपेक्षा जास्त अमेरिकेच्या दक्षिण भागातून येत. १८६१ च्या एप्रिलमध्ये तिथे युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. पुढे काय झालं असेल?’

पुढचं मुलांनीच सांगितलं. आवक घटली की भाव चढतो, हे कापसाच्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. एका मुलाने मात्र चांगलं अडवलं: लढाई १८६१ ला लागली, तर गिरण्या लगेच बंद पडल्या असतील का? मॅडमना हा प्रश्न हवाच होता. १८६० चं अमेरिकन पीक भरघोस आलं होतं आणि इंग्लंडच्या लिव्हरपूल बंदरातल्या गोदामांत माल पडून होता. तयार कापडही बाजारात तुंबलं होतं. म्हणून लँकेशायरला, म्हणजे इंग्लंडच्या कापडगिरण्यांच्या मुलखाला, खरा चटका १८६२ मध्ये बसला. “मंग गोडाऊनवाल्यानं दाबून ठेवला असंन,” मागून आवाज आला. त्यातही तथ्य होतं.

मग खंडी आली. मुंबईचा रुईबाजार (रुई म्हणजे सरकी काढलेला कापूस) तेव्हाही खंडीवर चाले, आजही रुईचे भाव खंडीवरच निघतात. एक खंडी म्हणजे ७८४ पौंड. मुलांनी किलो काढले: ३५६ च्या जवळ. कापसातून साधारण ३४ टक्के रुई निघते असं धरलं, तर एका खंडीला सरकीसकट किती कापूस लागेल? साडेदहा क्विंटलच्या आसपास. एरवी इतिहासाच्या तासाला खिडकीबाहेर पाहणारी दोन मुलं या हिशेबात सगळ्यांच्या पुढे होती. युद्धाच्या ऐन भरात लिव्हरपूलला अमेरिकन कापसाचा भाव आधीच्या चौपटीच्याही वर गेला, आणि तिथल्या दरपत्रकात अमरावती आणि हिंगणघाटच्या कापसाचे भाव त्यांच्या त्यांच्या नावाने निघत, हे ऐकल्यावर वर्ग हरखलाच. मुंबईत त्या पैशावर बँका आणि कंपन्या निघाल्या, दलाल प्रेमचंद रायचंद यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे शेअर आभाळाला भिडले. लढाई संपली, आणि १ जुलै १८६५ ला वायद्यांचे पैसे द्यायची वेळ आली तेव्हा सगळा डोलारा कोसळला. हे सांगेपर्यंत घंटा झाली.

तास उत्तम झाला असं मलाही वाटलं. मग मॅडमनी घरी लिहून आणायला दिलेली उत्तरं आली. प्रश्न होता, ‘अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा परिणाम काय झाला?’ झाडून सगळ्यांनी लिहिलं: आपल्या भागातल्या कापसाला भाव मिळाला. काहींनी मुंबईची भरभराट लिहिली. गुलामी हा शब्द दोन वह्यांत होता, तोही पुस्तकी वाक्यात. आणि वर्गात एका मुलाने उघड विचारलं, “मॅडम, मंग थे लढाई झाली थे चांगलंच झालं नं आपल्यासाठी?”

मुलगा खोडसाळ नव्हता. जे शिकवलं गेलं, त्यातून त्याने बरोबर निष्कर्ष काढला होता. सहा लाखांच्या वर माणसं मेली त्या युद्धाचा आमच्या वर्गात उरलेला अर्थ म्हणजे तेजी.

स्थानिकाकडून जगाकडे जा, असं आम्ही प्रशिक्षणात उठताबसता सांगतो. सांगतो ते खोटं नाही. पण मुलं ओळखीच्या जागी पोचली की तिथेच बसतात, हे आम्ही सांगत नाही. या वर्गात अमेरिका होती ती फक्त यवतमाळचा भाव वाढवण्यापुरती. ४० लाखांच्या आसपास गुलाम माणसं तिथे होती, ती पडद्याआडच राहिली. शिवाय तो ‘आपला’ फायदाही तपासलेला नव्हता. तेजीचा किती पैसा शेतकऱ्याकडे राहिला, किती सावकार, अडते आणि मुंबईच्या दलालांकडे गेला, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

आणखी एक गोष्ट मला मागे बसून दिसली. पहिल्या तासाला बोलणारी मुलं बहुतेक शेत असलेल्या घरांतली होती. भाव हा त्यांच्या घरातला विषय. मजुरांची मुलं गणित करत होती, पण बोलत नव्हती. त्यांच्या घरात भाव चढला काय, पडला काय, वेचाईचा दर तेवढाच.

पुढचा तास कसा घ्यायचा यावर शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली. एका सहकाऱ्याने नाट्यीकरण सुचवलं: काही मुलं गुलाम, काही मळ्याचे मालक. मॅडमनी ताबडतोब नाही म्हटलं, आणि माझ्या मते अगदी योग्य केलं. अमेरिकेतल्या काही शाळांत मुलांकडून गुलामांचा लिलाव ‘करवून’ घेतल्यामुळे मोठे वाद झाले आहेत. आपल्या वर्गात तर ‘गुलाम कोण होणार’ हे ठरवताना मुलं कुणाकडे बोट दाखवतील, हे जात माहीत असलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही. जे दुःख समजून घ्यायचं, त्याचं सोंग आणून ते समजत नाही. उलट वर्गात हशा होतो, आणि ज्याच्याकडे बोट दाखवलं त्याच्या मनात ते वर्षानुवर्षं राहतं.

त्याऐवजी मॅडमनी एक माणूस आणला. सॉलोमन नॉर्थप. न्यूयॉर्क राज्यातला स्वतंत्र कृष्णवर्णीय, व्हायोलिन वाजवणारा, बायकामुलांचा. १८४१ मध्ये कामाचं आमिष दाखवून त्याला पळवलं आणि लुइझियानात गुलाम म्हणून विकलं. १८५३ मध्ये सुटून आल्यावर त्याने आपली हकिकत प्रसिद्ध केली. तिच्यात कापूस वेचण्याचं बारीक वर्णन आहे. मॅडमनी त्यातलं एवढंच सांगितलं: गळ्यात पट्टा अडकवलेली लांब गोणी, दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत वेचणी, संध्याकाळी जिनघरात वजन. दिवसाचं नेहमीचं काम २०० पौंड.

“किलोत करा.”

मुलांनी केलं. नव्वदच्या थोडं वर.

वर्ग शांत झाला नाही, उलट कल्ला झाला. “होतच नाही मॅडम!” पहिल्या तासाला एक शब्दही न बोललेली मुलगी उभी राहिली होती. “माही माय वेचते नं. पन्नास किलो म्हंजे लय झालं. थेही पराटी चांगली फुटली असंन तं.” मग माहितीचा पूरच आला. पहिल्या वेचणीला वजन भरतं, नंतरच्या वेचणीला बोंडं किडकी आणि हलकी. सकाळी दव असताना वेचला की वजन जास्त येतं, म्हणून काही मालक ऊन चढल्यावरच वेचायला लावतात. बोटांना बोंडाची टोकं लागतात. कमरेला बांधलेलं फडकं भरलं की वाकून चालावं लागतं. एका मुलाने विचारलं, त्यांची बोंडं मोठी होती का? हा प्रश्न रास्त होता. तिकडची जात वेगळी, आणि आपली त्या काळची देशी बोंडं लहान, हे मॅडमनी सांगितलं. तरी नव्वद हा आकडा मुलांच्या गळी उतरेना.

मग मॅडमनी पुढचं सांगितलं. नॉर्थप स्वतः वेचणीत कच्चा होता. पहिल्यांदा त्याचं वजन भरलं ९५ पौंड, म्हणजे ४३ किलो. “म्हंजे माह्या मायएवढंच,” ती मुलगी म्हणाली. वजन कमी भरलं तर चाबूक. आणि जास्त भरलं तर? इथे मॅडम थांबल्या. मुलांनी आपल्या अनुभवाने उत्तर दिलं: जास्त पैसे. वेचाई किलोवर मिळते, हे त्यांना पक्कं माहीत. नॉर्थप सांगतो ते असं, की एखाद्या दिवशी दहा-वीस पौंड जास्त भरले तर मालक दुसऱ्या दिवशीचं काम त्या मापाने वाढवून ठेवी. म्हणून वजन करायला जाताना प्रत्येकाच्या पोटात गोळा, कमी भरलं तरी आणि जास्त भरलं तरी.

मजुरी आणि गुलामी यांतला फरक व्याख्या देऊन मी अनेक वर्गांत शिकवलेला पाहिला आहे. इथे तो काट्यावरच्या वजनातून निघाला. पण तेवढ्यावर भागलं नाही. एकजण म्हणाला, “मंग माही माय बी गुलामच हाय.” काही मुलं हसली, काही हसली नाहीत. हे वाक्य वाहू दिलं असतं तर वर्ग पुन्हा घरी परतला असता, या वेळी दुःखाच्या वाटेने. मॅडमनी ते खोडलं नाही, उडवूनही लावलं नाही. फळ्यावर प्रश्न लिहिले. तुझी आई उद्या त्या मालकाकडे गेली नाही, तर काय होईल? नॉर्थप गेला नाही, तर? तुझ्या आईला तुला शाळेत पाठवता येतं का? तिकडे गुलामाला वाचायला शिकवणं बऱ्याच राज्यांत कायद्याने गुन्हा होता. मालकाला तुझ्या आईपासून तुला वेगळं करून विकता येतं का? शेवटच्या प्रश्नावर मुलं बराच वेळ अडली. माणसाची किंमत लावून पोर आईपासून तोडून विकायचं, हे त्यांनी ‘गुलामी’ या शब्दात कधी पाहिलंच नव्हतं. त्या मुलाचा मुद्दा वाया गेला नाही. मजुराची लाचारी खरी आहे, पण ती वेगळी आहे, आणि वेगळी का आहे ते सांगता आलं पाहिजे, एवढं वर्गाने स्वीकारलं.

तिसरा टप्पा भिंतीवरच्या कागदाचा. एकच महिना घेतला, जानेवारी १८६३. वर पाच ठिकाणं: मिसिसिपी-लुइझियाना, मँचेस्टर, मुंबई, वऱ्हाड, इजिप्त. प्रत्येक गटाने आपल्या ठिकाणी त्या महिन्यात काय चाललं होतं ते भरायचं. माहितीचे उतारे मॅडमनी तयार करून दिले होते.

अमेरिकेच्या रकान्यात १ जानेवारीची लिंकन यांची मुक्तीची घोषणा आली. मॅडमनी गटाकडून एक ओळ वाढवून घेतली: ही घोषणा बंडखोर राज्यांपुरती होती, गुलामी देशभर कायद्याने संपली ती १८६५ च्या डिसेंबरात. मँचेस्टरच्या रकान्यात ३१ डिसेंबर १८६२ ची सभा आली. काम गेलेल्या गिरणी कामगारांनी लिंकन यांना पाठिंब्याचं पत्र धाडलं, लिंकन यांनी १९ जानेवारीला उत्तर दिलं. आज मँचेस्टरमध्ये लिंकन यांचा पुतळा उभा आहे. मुलांना हे फार आवडलं: उपाशी राहून दुसऱ्याच्या सुटकेला पाठिंबा. इथे शिक्षकाला भाबडेपणाचा मोह होतो. मॅडमनी लगेच दुसरा उतारा पुढे केला. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांत दक्षिणेबद्दल उघड सहानुभूती होती, आणि मार्च १८६३ मध्ये स्टेलीब्रिज गावात कामगारांनी दंगल केली. कारण मदत रोख न देता चिठ्ठ्यांवर द्यायचं ठरलं होतं. “राशनसारखं,” एकाने म्हटलं. कामगार देवमाणसं नव्हती, भुकेली माणसं होती. त्यांतल्या काहींनी भुकेल्या पोटी एक बाजू घेतली. असं मांडलं तर ती बाजू हलकी होत नाही.

वऱ्हाडाचा रकाना भरताना मजा झाली. मुलांनी ठोकून दिलं की कापूस रेल्वेने मुंबईला गेला. मग तारखा पाहिल्या. बोरीबंदर ते ठाणे १८५३, थळघाट १८६५, नागपूरपर्यंत रेल्वे १८६७. म्हणजे तेजीच्या वर्षांत इथला कापूस आगगाडीपर्यंत पोचायला आधी बैलगाडीचा लांब प्रवास होता, आणि रूळ जिल्ह्याजवळ आले तोवर भाव पडलेला. “म्हंजे रेल्वे आली अन् भाव गेला!” हा शोध मुलांचा, आणि पहिल्या तासाच्या ‘आपला फायदा’ला पडलेलं पहिलं भोक. त्यातूनच मग पैसा कुणाकडे गेला यावर बोलणं झालं. मॅडमनी १८७५ च्या, सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेल्या सुप्याच्या दंग्याचाही उल्लेख केला, पण थेट बाण काढून ‘तेजी-मंदीमुळे दंगे’ असं लिहू दिलं नाही. मधे दहा वर्षं आहेत, सारावाढ आहे, सावकाराने आखडलेला हात आहे, आणि पुणे-नगरचा तो भाग वऱ्हाडासारखा कापसाचा नव्हे. आठवीच्या मुलांना ‘एक कारण, एक परिणाम’ यापलीकडचं झेपत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हा तास पाहायला हवा होता.

इजिप्तचा रकाना दुबळा राहिला, आणि खरं तर तोच सगळ्यात बोलका झाला असता. त्याच जानेवारीत इस्माइल तिथे गादीवर आला. कापसाच्या तेजीच्या भरवशावर कर्जं काढली गेली, कालवे, रेल्वे, इमारती झाल्या, १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला. १८७६ मध्ये इजिप्तने दिवाळं काढलं, १८८२ मध्ये इंग्रजांचं सैन्य उतरलं. मुंबईत डोलारा कोसळला तेव्हा बँक बुडाली, इजिप्तमध्ये देश गेला. पण गटाला मिळालेला उतारा लांबलचक आणि नावांनी भरलेला होता. शिवाय त्या गटातली दोन मुलं त्या आठवड्यात वेचणीला गेली होती.

शेवटचा तास मॅडमनी पुण्याला दिला. महात्मा फुले यांचं ‘गुलामगिरी’ १८७३ चं. त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या त्या लोकांना आहे ज्यांनी गुलामांच्या सुटकेसाठी झीज सोसली, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत तो कित्ता गिरवावा अशी आशा तिच्यात आहे. फुले मुलांना माहीत होते, पुस्तकाचं नावही माहीत होतं. अर्पणपत्रिका कुणालाच माहीत नव्हती. ज्या मुलाने लढाई चांगली झाली का असं विचारलं होतं, त्याने आता विचारलं, “फुल्यायले तिकडचं कसं समजलं?” मिशनरी शाळा, वर्तमानपत्रं, इंग्रजी पुस्तकं यांवर मॅडम बोलल्या. त्याच युद्धाकडे मुंबईतल्या दलालांनी भाव म्हणून पाहिलं, आणि पुण्यात एका माणसाने त्यातली माणसं पाहिली, हा फरक मुलांनी स्वतःहून काढला असं मी म्हणणार नाही. मॅडमनी तो बराचसा काढून दिला. वेळ संपत आली होती.

घरी लिहून आणायचा प्रश्न पुन्हा तोच दिला गेला. या वेळी बहुतेकांनी दोन-तीन ठिकाणचे परिणाम लिहिले आणि ‘कुणासाठी’ हा शब्द बऱ्याच वह्यांत आला. काही उत्तरं मात्र आधीपेक्षा वाईट होती: सगळी माहिती ओतलेली, जोडणी कुठेच नाही. एका पालकांनी विचारलं की हे पेपरात येणार आहे का. येणार नाही, हे त्यांना सांगावं लागलं. त्याचा खर्चही झालाच: फ्रेंच राज्यक्रांतीची उजळणी राहिली आणि ती शनिवारी सकाळच्या शाळेत घाईने उरकली.

मॅडमनी पुढच्या वर्षासाठी क्रम उलटा लावला आहे. आधी वजन, मग भाव. नव्वद किलो ऐकलेल्या मुलासमोर चौपट भाव आला की तो आपोआप विचारतो, वेचणाऱ्याला काय मिळालं. इजिप्तचा उतारा निम्मा करायचा आहे आणि त्यातली दोन नावं सोडून बाकीची काढून टाकायची आहेत. भिंतीवरचा कागद वेचणीच्या ऐन दिवसांत न घेता जानेवारीत घ्यायचा, म्हणजे पट भरलेला असतो. आणि खंडीचं गणित गणिताच्या सरांनी शेकडेवारीच्या धड्यासाठी मागून घेतलं आहे.